येते हं

घाट चढून पलीकडे जायला निघालेली कॅम्पर व्हॅन तिसऱ्यांदा त्याच गावात उतरली. सोनं शोधायला आलेल्यांनी वसवलेलं अलास्कातलं जुनं गाव, तीच लाकडी दुकानं, तीच वेशीवरची दफनभूमी.

"जीपीएस बरोबर दाखवतंय यार. वळायला दुसरा रस्ताच नाहीये," हेरंब म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. मागे त्यांची छोटी लेक ओवी तापाने फणफणली होती आणि डॉक्टर घाटापलीकडे होता.

मृण्मयीला एकदम सकाळ आठवली. दफनभूमी बघून निघताना, एका थडग्यावरच्या, नाव पुसून गेलेल्या लाकडी फळीपाशी ती सवयीने म्हणाली होती, "येते हं." कुणाकडूनही निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

"गाडी थांबव. आलेच मी."

शाल सीटवरच टाकून ती धावत त्या फळीपाशी गेली. हात जोडून, निरोप घेताना आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द तिने उच्चारला. "जाते मी. आता परत येणार नाही."

वारा पडला. मागे इंजिन सुरू झालं.

ती वळली तेव्हा कॅम्पर निघाली होती. हाका मारत ती मागे धावली, पण हेरंबने वळून पाहिलं नाही. त्याच्या शेजारी मृण्मयीची शाल डोक्यावरून घेतलेली एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर ओवी होती.

वळणावर त्या बाईने ओवीचा इवलासा हात धरला आणि, बाळांना टाटा करायला शिकवतात तसा, मृण्मयीच्या दिशेने हळूहळू हलवला.