मगरीवरची वरात

"आबा, आज आजीलाही गोष्ट कळणार!" म्हणत नातीनं मोबाइल बहिऱ्या आजीपुढं ठेवला. बोललेलं सगळं पडद्यावरची बाहुली खुणांच्या भाषेत सांगायची.

कृष्णेच्या पुरातून नवरी मगरीवर बसवून आणली, ही थाप केरबाआबा जन्मभर ओसरीवर मारत आले होते. गडी हसले की आजीही न कळता हसायची. आता तिला कळणार होतं, लोक तिच्याच वरातीला हसत होते.

"आणा की मगर!" ओसरीवर जमलेले गडी ओरडले.

आबांनी चाचरत मगर आणली. बाहुलीनं हातांचा जबडा केला. आजी हसली नाही. कपाळाला आठ्या घालून तिनं भराभरा बोटं नाचवली.

"काय म्हणत्यात आजी?"

आबांनी तिच्या बोटांकडं बघत सांगितलं, "म्हणतीया, अर्धंच सांगताय. मगरी दोन हुत्या. दुसरीवर माझी ट्रंक हुती."