तान्ह्यांचा रकाना

"आमचं पोट्टं घ्या," ललिताबाई म्हणाल्या आणि कामरगावच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

डॉ. निता अर्ध्या तासापासून विनवण्या करत होत्या. कांजिण्या, नागीण, ओठावर उठणारे तापाचे फोड, ही सगळी एकाच घराण्यातल्या विषाणूंची करणी. कोणत्या वयापर्यंत किती जणांना त्यांची लागण होऊन गेलेली असते, याची पाहणी चालली होती. म्हाताऱ्यांनी बोटं पुढे केली, शाळेतली पोरंही आली. वर्षाच्या आतल्या बाळांचा रकाना मात्र कोरा होता. तान्ह्याला सुई टोचू द्यायला एकही घर तयार नव्हतं.

"टाचेतून थेंबभर रक्त लागेल, बस," डॉ. निता म्हणाल्या.

"घ्या नं मंग. माह्या मालकाचा, इंद्रभानचा नातू हाये तो, थेंबाले भेत नाई."

ललिताबाईंना मिरवायला एरवीही कारण लागत नसे, आता तर दोन महिन्यांचं कारण सुनेच्या मांडीवर होतं. राजपालच्या लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर धम्मरत्न घरात आला होता. "नाक पाहा त्याचं," त्या साऱ्या हॉलला म्हणाल्या, "आज्याचंच हाये. माह्या राजपालचंबी तेच. छाप हाये घराण्याची."

शेजारी बसलेली सून सपना बाळाचं टोपरं सारखं करत राहिली.

त्याच दुपारी डॉ. निता घरी आल्या. ललिताबाई, राजपाल आणि सपना यांचं रक्त घेऊन झालं. बाळाची पाळी आली तसं त्यानं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायच्या नावांच्या चिठ्ठ्या ललिताबाईंनी हातात धरल्या आणि एकेक करून दिल्या. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.

"बाळासोबत आईचंबी रक्त काहून लागते?" सपनानं विचारलं.

"एवढ्या लहान बाळाच्या रक्तात लागणीची जी खूण सापडते ती आईकडून, पोटात असतानाच आलेली असते," डॉ. निता म्हणाल्या. "आईला कांजिण्या होऊन गेल्या असतील तर बाळातही ती दिसते. काही महिन्यांत ती खूण जाते. पुढे मूल वाढतं तसतशी त्याची स्वतःची लागण होत जाते."

सपनानं बाळाची टोचलेली टाच पदराखाली घेतली. ती लहान असताना माहेरी अनसिंगला धाकट्या बहिणीला, पिंकीला कांजिण्या आल्या होत्या. तेव्हा सपनाला लगोलग मामाकडे धनजला पाठवलं होतं. तिला त्या कधीच झाल्या नाहीत. आणि धम्मरत्न पिंकीच्या पोटचा होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीच्या आडोशानं सगळं निभावलं होतं. डॉक्टरांनी जागचं हलू नको म्हटलंय, असं सांगून सपना चौथ्या महिन्यापासूनच अनसिंगला जाऊन राहिली. पिंकीनं आपलं तिसरं मूल बहिणीच्या ओटीत घातलं. राजपालला हे ठाऊक होतं. सासूला कळलं तर ती लेकरू परत पाठवील, हा सपनाच्या जिवाला घोर होता. त्यानंतरचे चार आठवडे तिला घास गोड लागला नाही.

महिन्यानं डॉ. निता कागद घेऊन आल्या. ललिताबाईंनी शेजारच्या सोजरबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं आणि ओट्यावर सतरंजी टाकली.

"आत बसून सांगते," डॉ. निता म्हणाल्या.

"इथंच वाचा, मोठ्यानं. आमच्या घरात लपवाचं काय हाये?"

डॉ. नितांनी वाचायला सुरुवात केली. "ललिताबाई, तुम्हाला कांजिण्यांसकट सगळं होऊन गेलंय. साठीनंतर बहुतेकांचं असंच असतं."

"मंग! आमी काई कसर ठेवत नसतो," ललिताबाई सोजरबाईंना म्हणाल्या.

"राजपालांनाही कांजिण्या झाल्यात. सपना, तुम्हाला नाहीत. धम्मरत्न..." डॉ. निता थांबल्या. त्यांनी कागद पुन्हा वरपासून पाहिला. "बाळात कांजिण्यांची खूण आहे. पण आईत नाही, मग बाळात कुठून..."

सोजरबाईंची नजर सपनाकडे वळली. सपनानं बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिला वर बघवेना.

"त्या चिठ्ठ्या माह्या हातून पडल्या होत्या," ललिताबाई म्हणाल्या. "पोट्टं रडून राह्यलं होतं. मी उचलल्या अन् हाताले लागल्या तशा देल्ल्या. माही चिठ्ठी सुनेच्या रक्ताले लागली असन. कांजिण्या मले आल्या नाईत कधी."

"वा गं!" सोजरबाई हसल्या. "गल्लीले पेपर वाचून दाखवते, अन् नाव नाई वाचता आलं तुले?"

"चष्मा नव्हता डोयावर."

ललिताबाईंनी चूक कबूल केल्याचं सोजरबाई आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मग तुमच्या घरचे चारही नमुने बाद करावे लागतील," डॉ. निता म्हणाल्या. "तान्ह्यांचा रकाना पुन्हा कोराच राहणार."

"करा बाद. म्हातारीले समजलं नाई म्हणून लिवा."

डॉ. निता कागदावर रेघ मारून निघाल्या. ही बातमी गल्लीत कधी पोचवते असं सोजरबाईंना झालं होतं, त्याही लगबगीनं उठल्या.

ओट्यावर सासू-सून दोघीच उरल्या.

"आई, चिठ्ठ्या पडल्या नव्हत्या," सपना म्हणाली.

"नाई पडल्या."

"मंग तुमाले..." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"तू माहेरून आली त्याच दिवशी समजलं मले. रडू नको, उठन तो." ललिताबाईंनी बाळाला आपल्या मांडीवर घेतलं. त्यांची मान हॉलमध्ये होती तशीच ताठ होती. "राजपालले मी माह्या बहिणीच्या मांडीवरून उचलून आणलं, अन् तुह्या सासऱ्याले मरेपर्यंत पत्ता लागू देल्ला नाई."