पाठीची इस्त्री

अप्पांना अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. यांच्या लिंगायतांत मयताला बसवूनच नेतात. अंघोळ झाली, विभूती लावून झाली, धोतर नेसवून झालं. शर्ट तेवढा राहिला होता. तो आत पलंगावर होता, नवाकोरा, पांढरा, दुकानातल्या घड्यांसकट.

"असल्या घड्या घेऊन जायाचं व्हय त्यांनी?" शिवलीलाबाई म्हणाल्या. "माझ्या देखत एकदाबी बिनइस्त्रीचं भायेर पडले न्हाईत."

अप्पांच्या आणि त्यांच्या मुलानं, गुरुलिंगनं, कपाटातनं इस्त्री काढली. तिचा तळ तव्यासारखा काळा झाला होता. इस्त्री घासणं हे अप्पांचं काम. त्यांनी अंथरूण धरल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

"आई, कशानं घासायचे गं ते?"

"मला काय म्हाईत? मी कवा इचारलं?"

"थांब, अप्पांनाच..." म्हणत गुरुलिंग अंगणाकडं वळला आणि उंबऱ्यातच थांबला.

जमलेल्या लोकांना इतका वेळ काय बोलावं ते सुचत नव्हतं. इस्त्रीवर सगळ्यांनाच सुचलं. कुणी मीठ म्हणालं, कुणी टूथपेस्ट, कुणी लिंबू. मघापासून कोपऱ्यात हुंदके देणारी एक बाई डोळे पुसून म्हणाली, "खायचा सोडा." शेवटी शेजारच्या मालतीबाई पुढं आल्या.

"तापाची गोळी घ्या. गरम इस्त्रीवर घासली की लगेच निघतं."

गोळ्यांना तोटा नव्हता. अप्पांच्या उशाशी पाकीट तसंच पडलं होतं. शिवलीलाबाईंनी चिमट्यात गोळी धरून तापल्या तळावर फिरवली. गोळी वितळली, काळं सुटलं. फडकं फिरवलं तर खाली लख्ख.

"बघा," त्या म्हणाल्या, "हिला एका गोळीत गुण आला की."



मग कॉलर झाली, बाह्या झाल्या, पुढच्या दोन्ही बाजू झाल्या. त्यांनी शर्ट उलटा केला तसा अप्पांचा धाकटा भाऊ गुंडा दारातनं म्हणाला, "वैनी, पाठ ऱ्हाऊ द्या. हात वळंनात त्यांचं. शर्ट मागनं उभा कापूनच घालावा लागंल."

शिवलीलाबाईंनी पाठीला इस्त्री केली. सावकाश केली. मग कात्री आणवली आणि स्वतःच कापला, सरळ.

शर्ट छान बसला. समोरनं अप्पा कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाल्यासारखे दिसत होते. हार पडायला लागले. शिवलीलाबाई खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरल्या आणि कापलेल्या दोन्ही कडा चिमटीत जुळवून धरून उभ्या राहिल्या.

"वैनी, सरका आता. उचलायचं हाय," गुंडा म्हणाला. "मागनं कोण बघतंय? मागं नुसती भिंत हाय."

"भिंतीला दिसतंय की," त्या म्हणाल्या.