शंभरातले बेचाळीस

“थांब याडी! हात नको लावू त्याले!”

रंजीता धावत आली आणि आईच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. भुरीबाईचे दोन्ही हात पसरलेलेच राहिले. समोर सून हेमला, तिच्या हातांवर दीड महिन्याचं लेकरू. मागं ऊसतोडीचा ट्रक सुरू करून ठेवलेला. किन्हीराजाजवळच्या तांड्यातली चाळीस माणसं, शेळ्या, ताडपत्र्या, सगळं वर चढलं होतं. राहिली होती एकटी हेमला.

ती बाळंतपणाला माहेरी गेलेली, काल रात्रीच आली. आजीनं नातवाला अजून एकदाही घेतलं नव्हतं. भुरीबाईच्या गळ्यातली गाठ काढल्यावर नागपूरच्या दवाखान्यात तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. लहान लेकरांपासून आठ दिवस लांब राहा, असं कागदावर लिहून मिळालं होतं. आज दहावा दिवस. बाई सकाळीच न्हाऊन, ठेवणीतला घागरा घालून तयार.

“दवाखान्यानं आठच सांगतले,” रंजीताचा भाऊ, लेकराचा बाप राजपाल ट्रकवरून ओरडला. “दोन दिस जास्तीच झाले. तू काहून आडवी येऊन राह्यली?”

रंजीता वाशीमच्या कॉलेजात फिजिक्स शिकते. तिनं मोबाइल काढला. अणूंची माहिती देणारी एक वेबसाइट तिला तोंडपाठ होती. रंगीत चौकोनांचा मोठा तक्ता, एकेका चौकोनात एकेक अणू. आईला दिलेल्या आयोडीन-१३१ वर तिनं बोट ठेवलं.

“हे पाय. आठ दिवसांत अर्धं संपते. अर्धंच! म्हंजे आज शंभरातले बेचाळीस बाकी हायेत. दवाखानेवाले सगळ्याइले एकच कागद देतात.”

राजपाल ताडपत्री आवळायला वळला. शिकलेल्या बहिणीच्या आकड्यापुढं दवाखान्याच्या कागदाची काय किंमत?

“एक मिनिट घेतो ना वं,” भुरीबाई म्हणाली.

“एक मिनिट बी नाई.”

“मंग हा करगोटा तं बांधू दे.” तिनं नातवासाठी काळा दोरा वळून आणला होता.

“तुया हातचा दोरा बी नको. घामातून थे बाहीर येते.”

हॉर्न वाजला. हेमला चढली. निघता निघता तिनं लेकरू उंच धरलं, आजीला दिसावं म्हणून. ट्रक गेला तो गेला. आता गुढीपाडव्यानंतरच येणार.

दुपारी रंजीता पुन्हा मोबाइल घेऊन बसली. आणखी किती दिवस, हे आईला नक्की सांगायचं होतं. त्याच वेबसाइटवर दवाखान्यातल्या लोकांसाठी हिशेबाचं एक वेगळं पान होतं. त्यात दोन रकाने. पहिला अणूचा. दुसरा शरीराचा, शरीर ते किती लवकर बाहेर टाकतं त्याचा. हा दुसरा रकाना तिनं कधी भरलाच नव्हता. वर्गातलं आयोडीन डबीत असतं, आणि डबी काही लघवीला जात नाही.

तिनं रकाना भरला. उत्तर आलं. आज सकाळीही शंभरात एकसुद्धा उरलेलं नव्हतं. तिनं तीनदा करून पाहिलं.

तिनं राजपालला फोन लावला. ट्रक मेहकरच्या पुढं गेला होता. चाळीस माणसांची गाडी एका आजीसाठी कोण वळवतो?

गोठ्याजवळ एकटीची खाट टाकून भुरीबाई बसली होती. शेजारच्या हिरीबाईशी लांबूनच बोलत होती. “माही रंजी शिकेल हाये म्हणून बरं झालं वं बाई. नाई तं म्या माह्याच हातानं नातवाचं वाटोळं केलं असतं.”

रंजीता जवळ गेली. खाटेवर आईला अगदी चिकटून बसली.

“अवं, दूर सरक!”

“आता दूर राह्याचं काम नाई, याडी. संपलं थे.”

भुरीबाईचा चेहरा खुलला. तिनं लेकीचा हात दोन्ही हातांत धरला.

“संपलं? कवा संपलं वं?”