मागे राहणारा सोबती

भीमराज पुन्हा मागे राहिला होता.

चढ संपल्यावर रश्मीने सायकल थांबवली आणि वळून पाहिलं. मुरमाची वाट खालच्या झाडीपर्यंत मोकळी पडली होती. कुठे धूळसुद्धा उडत नव्हती.

डोंगरगणच्या पुढच्या या जंगलात दोघं दर रविवारी सकाळी कच्च्या वाटेसाठीच्या ग्रॅव्हल सायकली घेऊन यायची. रश्मीचा सावेडीत दातांचा दवाखाना होता. भीमराज तिच्याच सोसायटीत नव्याने राहायला आला होता. काय करता असं विचारलं की "सर्व्हेची कामं" एवढंच सांगायचा. चढाला तो तिच्यापेक्षा सरस होता, तरी दर खेपेला मागे पडायचा.

बऱ्याच वेळाने तो वर आला. बाहीला कुसळं चिकटलेली, तळहात मातकट.

"चेन उतरली," तो म्हणाला.

रश्मीने त्याच्या बोटांकडे पाहिलं. चेन बसवणाऱ्याच्या बोटांना काळं वंगण लागतं. याच्या बोटांना नुसती माती होती.

"मला हाक मारायची."

"किरकोळ काम होतं." तो दोन घोट पाणी प्यायला आणि पुढे निघाला.

पुढच्या रविवारी त्याने पंक्चरचं कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र रश्मी चढावर थांबली नाही. ती तशीच मागे फिरली. वाटेकडेला गवतात त्याची सायकल आडवी पडली होती. आत बोराटीच्या जाळीपलीकडे भीमराज एका बारीक झाडाच्या बुंध्याला मोजमापाचा टेप गुंडाळून उभा होता. त्याने मोबाईलवर काहीतरी टिपलं, आजूबाजूला पाहिलं, आणि रश्मी दिसताच टेप झटकन खिशात घातला.

"जरा आडोशाला गेलो होतो," तो म्हणाला.

परत जाताना त्याने नेहमीसारखा थर्मासमधला चहा पुढे केला. नको म्हणून तिने तो परत केला.

"मी जरा दमानं येते, तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

तो दिसेनासा झाल्यावर ती पाणवठ्याजवळ टेकली. तिथे खाकी शर्टातला एक वयस्कर माणूस हातात काठी घेऊन शेळ्या जंगलाबाहेर हाकलत होता.

"ताई, एकट्या नका थांबू हितं," तो म्हणाला. "लई बेकार लोकं फिरत्यात आजकाल. चंदनाच्या मागं हायेत."

"तुम्ही फॉरेस्टचे?"

"ह्याच डोंगरात क्येस पिकले माजे. सहादेव म्हनत्यात मला." त्याने वर हात केला. "चांगली चांगली झाडं कापून नेली त्या अंगाची. दिसायला साधी लोकं असत्यात. आदी येऊन झाड हेरून जात्यात, मग बुंधा मोजत्यात, आन एक दिस करवत लावत्यात."

रश्मीने टेपचं सांगून टाकलं. नाव मात्र सांगितलं नाही. ते जिभेवर येऊन थांबलं.

सहादेवने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मी वनविभागात फोन करू?" तिने विचारलं.

"नगं. हापिसात कोन कुनाचा मानूस हाय, सांगता येत न्हाई. त्यो सावद हुईल. तुमी फकस्त त्यो कुटं कुटं थांबतो तेवडं मला कळवा. रंगेहात धरू त्याला."

त्याने आपला नंबर दिला. संध्याकाळी रश्मीने त्या झाडाचं लोकेशन पाठवलं.

आठवडाभराने ती त्या जागी गेली तेव्हा झाड नव्हतं. जमिनीलगत ताजं कापलेलं खोड होतं, भोवती भुसा, आणि देवघरात येतो तसा वास. भीमराज मागून आला, खोडाकडे पाहून जागीच थबकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कमाल करतात लोक," रश्मी त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली.

"कुणाला बोलू नका इतक्यात," तो म्हणाला.

एवढं ऐकल्यावर तिला शंका उरली नाही. त्यानंतर ती मुद्दाम त्याच्या मागे राहू लागली. तो जिथे थांबायचा, तिथून लोकेशन पाठवायची. सहादेवकाका कधी "बरं" म्हणायचे, कधी "ताई, लई उपकार." झाडं जातच राहिली. माणूस हाती लागत नव्हता, तरी काका तिला धीर देत राहिले. एकट्या भुरट्याला धरून भागणार नाही, सगळी टोळी पकडायची आहे, असं ते म्हणायचे.

मग एका रविवारी भीमराज न सांगताच पहाटे निघून गेला. रश्मी एकटीच चढ चढून आली. ओढ्याकाठचं सगळ्यात मोठं चंदन आडवं झालं होतं. बुंधा कुणीतरी नेला होता, फांद्या तेवढ्या उरल्या होत्या. शेजारी भीमराज उकिडवा बसला होता, आणि त्याच्यासमोर खाकी गणवेशातली एक तरुण बाई उभी होती.

रश्मीने सायकल तिथेच टाकली.

"मॅडम, याला सोडू नका," ती धापा टाकत म्हणाली. "गेले कितीतरी दिवस मी याच्यावर नजर ठेवून आहे. हा झाडं मोजतो आणि मग ती तोडली जातात."

भीमराजने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मोजतो, कारण वनविभागाने ते कामच दिलंय मला," तो म्हणाला. "जंगलात चंदन किती उरलंय आणि कुठे, याची नोंद करायची. बोभाटा झाला तर एक झाड राहणार नाही, म्हणून तुमच्याशीही खोटं बोललो. ठिकाणं फक्त मला आणि या ज्ञानेश्वरी मॅडमना माहीत होती."

रश्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस एका सरळ माणसाला तिने चोर ठरवलं होतं. मग तिच्या मनात आलं, आपली चूक झाली खरी, पण निदान त्यामुळे खऱ्या चोरांवर कुणाची तरी नजर राहिली असेल.

"मला माफ करा," ती म्हणाली. "पण एक बरं झालं. ही सगळी ठिकाणं मी तुमच्या सहादेवकाकांनाही कळवत होते. गार्ड आहेत ना ते इथले. त्यांनी काहीतरी पाहिलंच असेल."

भीमराज हळूहळू उठून उभा राहिला.

ज्ञानेश्वरीने खिशातली शिट्टी चाचपली आणि ती रश्मीकडे वळली.

"ताई," ती म्हणाली, "या जंगलाला गार्ड एकच आहे. मी."