फोनवरचा मुलगा

शशिकलाबाईंनी उजवा पंजा कानाला लावला आणि घसा खाकरला. समोरच्या बाकावरून दमयंतीनंही पंजा कानाला लावला. पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या त्या इंग्रजीच्या क्लासात फोन असेच लागत.

"हॅलो, सन. व्हेन आर यू कमिंग बॅक?" शशिकलाबाईंनी ओळ वाचली. पुस्तकातून मान वर काढली की त्यांचं इंग्रजी आटतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. बासष्टाव्या वर्षी हा खटाटोप चालला होता तो डब्लिनमधल्या नातवंडांसाठी. त्यांना मराठी येत नव्हती आणि आजीची मजल 'हाऊ आर यू'च्या पुढे जात नव्हती.

आज तर त्यांचा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी सात वाजता विश्वजीतचा, त्यांच्या मुलाचा, खरा फोन येणार होता. मे महिन्यात सगळ्यांना घेऊन येतोय की नाही, ते तो आज सांगणार होता. तीन उन्हाळे 'बघू'मध्येच गेले होते. तरी बाईंनी बिरड्यासाठी कडवे वाल आणून ठेवलेच होते. क्लासात शिरल्या शिरल्या हे सगळं त्यांचं दमयंतीला दोनदा सांगून झालं होतं.

दमयंती गव्हाणची कोळीण. सकाळी उलव्याच्या टॉवरांखाली मासळीची पाटी घेऊन बसायची. गिऱ्हाईकं इंग्रजीत काहीबाही बोलतात आणि आपण नुसतं हसतो, याचा तिला भारी राग यायचा. म्हणून ती क्लासला आली होती. आज ती मुलगा झाली होती. तिनं ओळीवर बोट ठेवलं.

"सॉरी, मदर. आय हॅव टु पुट ऑफ..." ती थांबली. "पुट ऑफ म्हंजे काय वो, मॅडम?"

"पुढे ढकलणं," शिकवणारी ऋचा म्हणाली. "त्याला आत्ता यायला जमत नाहीये. 'आय हॅव टु पुट ऑफ माय व्हिजिट.' म्हणा."

दमयंतीनं पुस्तक मिटलं. "नाय बोलनार."

"अहो, प्रॅक्टिस आहे ही!"

"आसू दे. बोट दर्यात आसली का आमच्या घरात कोनी 'येत नाय' आसं बोलत नाय. बारकी पोरं पन नाय बोलत. ताईंच्या पोराचा फोन आज येनार हाय, आनि त्याच्या आदी मी आसं बोलू?"

वर्ग हसला. शशिकलाबाई हसल्या नाहीत.

"बरं बाई, मग काय म्हणणार तुम्ही?" ऋचानं हात टेकले.

दमयंतीनं पुन्हा पंजा कानाला लावला. "हॅलो, मदर. आय अॅम कमिंग. वाइफ, चिल्ड्रन, ऑल कमिंग."

शशिकलाबाई पुस्तकात आपली ओळ शोधू लागल्या. तिथे छापलं होतं, 'नेव्हर माइंड, सन.' हेच त्या तीन वर्षं मराठीत म्हणत आल्या होत्या, असू दे रे, नाही जमत तर राहू दे. खरं तर त्यांना काही असू द्यायचं नव्हतं. त्यांना तो समोर हवा होता, पानावर बसलेला.

"व्हॉट शॅल आय कुक फॉर यू?" त्या म्हणाल्या.

हे पुस्तकात नव्हतं. ऋचानं चमकून वर पाहिलं.

"यू टेल, मदर," दमयंती म्हणाली.

"बिरडं," शशिकलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात तास संपला. पुढच्या बॅचची मुलं दारात गर्दी करून उभी राहिली. दमयंतीनं पिशवी खांद्याला लावली. तिला गव्हाणची गाडी गाठायची होती. शशिकलाबाईंचा पंजा अजून कानालाच होता.

"ताई, फोन ठेवा आता. क्लास सुटला."

"एकदा परत सांग," शशिकलाबाई म्हणाल्या. "इंग्रजीत नको. नुसतं सांग."

दमयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली, बाकावर परत बसली आणि पंजा कानाला लावला.

"येतंव गो आय," ती म्हणाली.