चारी बाजूंनी मोकळा

करी रोडच्या चाळीचा टॉवर झाल्यापासून सुनंदाबाईंचं एकच गाऱ्हाणं होतं. नळावरच्या मैत्रिणी आता लिफ्टमध्ये दिसल्या तर दिसल्या!

त्यात त्यांची सून श्रेया दोन बाथरूमचं एक करून आंघोळीचा टब बसवायला निघाली. सासूबाई नाक मुरडणार या धास्तीनं ती फरशीवर खडूनं गुपचूप टबाची जागा आखत होती, तर सुनंदाबाई दारातच उभ्या.

"भिंतीला कशाला चिकटवतेस गो? मधोमध ठेव. चारी बाजूंनी मोकळा."

"आई, अहो, मोठ्या हॉटेलात अस्साच असतो!"

श्रेया हवेत तरंगायला लागली. तिनं कमोड कोपऱ्यात सरकवला, बेसिन लहान केलं, वॉशिंग मशीन बाल्कनीत हाकललं. सासूबाईंच्या आग्रहावरून नळसुद्धा जाड धारेचा घेतला. आमच्या आई माझ्यापेक्षा मॉडर्न आहेत, असं ती ऑफिसभर सांगत सुटली.

टब बसल्यावरच्या पहिल्याच शनिवारी ती सुगंधी मीठ आणि मेणबत्त्या घेऊन जवळजवळ नाचतच घरी आली. बाथरूममधून हसण्याचा नुसता गडगडाट ऐकू येत होता. तिनं दार ढकललं.

&nbsp;

टबाभोवती पाट मांडून, पदर खोचून, चाळीतल्या सगळ्याजणी गोधड्या धूत बसल्या होत्या, आणि एक रिकामा पाट पुढे सरकवत सुनंदाबाई म्हणाल्या, "ये गो, तुझी जागा धरून ठेवलीय!"